वाचकांचे प्रश्न : पाठ कोणती आणि पोट कोणते?

प्रश्न : मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. भ्रूणाचा अक्ष, म्हणजे पाठ-पोट आणि डोके-शेपूट या दिशा, संकेत रेणूंच्या (पेशींना निरोप देणाऱ्या रेणूंच्या) कमी-अधिक प्रमाणाने ठरतो, हे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘पण मुळात कुठे जास्त आणि कुठे कमी, हे त्या रेणूंना कोण सांगते?’ मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. कृपया खुलासा करावा.
– एक शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : विद्यार्थिनीची शंका रास्त आहे, कारण पहिला भेद संकेत रेणू करतच नाहीत. बेडकाच्या अंड्यात तो शुक्राणूच्या प्रवेशामुळे होतो. शुक्राणू आत शिरल्यानंतर, पेशीचे पहिले विभाजन होण्यापूर्वीच, अंड्याचा बाहेरचा थर आतल्या द्रव्याच्या तुलनेत सुमारे ३० अंशांनी सरकतो आणि तळाशी साठवलेले काही घटक प्रवेशबिंदूच्या समोरच्या बाजूला पोहोचतात. बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन इतरत्र नष्ट केले जाते. या घटकांमुळे ते त्या बाजूला टिकते, आणि पुढे तीच बाजू पाठ होते. कोंबडीत हे काम गुरुत्वाकर्षण करते. कवच तयार होत असताना अंडे गर्भाशयात सावकाश फिरत असते, त्यामुळे भ्रूणाची चकती कललेली राहते आणि तिची वरची कड शेपटीची बाजू ठरते. म्हणूनच अंड्याचे बोथट टोक डावीकडे ठेवून ते आडवे धरले, तर पिलाचे डोके बहुधा आपल्यापासून दूर असते.

संकेत रेणूंची कथा यानंतर सुरू होते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हिल्डे मांगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी फिकट न्यूटच्या (सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या) भ्रूणातील पाठीकडचा एक लहानसा तुकडा काढून दुसऱ्या, गडद जातीच्या न्यूट-भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला, तेव्हा तेथे चेतारज्जूसह दुसरा अक्ष उभा राहिला; आणि रंगावरून स्पष्ट दिसत होते, की त्याचा बराचसा भाग यजमानाच्याच, म्हणजे ज्यात तुकडा बसवला त्या भ्रूणाच्या, पेशींनी घडवला होता. हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अवघ्या पंचविसाव्या वर्षी मांगोल्डबाईंचे अपघाती निधन झाले. १९३५चे नोबेल एकट्या श्पेमान यांना मिळाले.

त्या तुकड्याला ‘संघटक’ म्हणतात. तो शेजारच्या पेशींना ‘पाठ व्हा’ असा हुकूम सोडत असावा, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. प्रत्यक्षात प्रकार उलटा निघाला, आणि माझ्या मते वर्गात सर्वाधिक वेळ याच मुद्द्याला द्यावा. बीएमपी नावाची प्रथिने भ्रूणात पसरलेली असतात आणि ती पेशींना पोटाकडची किंवा त्वचेची वाट धरायला लावतात. संघटकातून पाझरणारी कॉर्डिन व नॉगिन ही प्रथिने पेशींच्या बाहेरच बीएमपीला चिकटून त्याचे तोंड बंद करतात. जेथे बीएमपीची ही आज्ञा पोहोचत नाही, तेथे बाह्यस्तराच्या (भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या थराच्या) पेशी मज्जासंस्थेच्या मार्गाला लागतात. शिवाय बीएमपीची ही प्रवणता, म्हणजे एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी अशी उतरंड, पाण्यात शाई पसरावी तशी आपोआप होत नाही : कॉर्डिन बीएमपीला धरून पोटाच्या दिशेने नेते, तेथे एक विकर (एन्झाइम) कॉर्डिनचे तुकडे करते, आणि सुटलेले बीएमपी नेमके पोटाकडे साठते.

डोके-शेपूट अक्षासाठी मुख्यतः विंट ही वेगळी संकेतप्रणाली वापरली जाते. तिचा जोर शेपटीकडे अधिक असतो, आणि डोके घडायचे तर तो डोक्याच्या बाजूला रोखावा लागतो.

विद्यार्थिनीला पुण्यातलेच एक उदाहरण अवश्य सांगा. येथील आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या, नळीसारख्या प्राण्यातून नॉगिनसारखे जनुक वेगळे केले आणि त्याचा आरएनए (जनुकाचा निरोप वाहणारा रेणू) झेनोपस जातीच्या बेडकाच्या कोवळ्या भ्रूणांत टोचला. हायड्राला पाठ नाही आणि कणाही नाही. तरीही टोचलेल्या भ्रूणांत दुसरा अक्ष तयार झाला.