टायरआधी तो रिकामा रकाना भरा

प्रश्न : मी हौशी कार रेसिंग करतो. वर्षाला सहा रेस, त्यातली एखादी पावसात होते. रिम्ससह रेन टायरचा नवा सेट साधारण एका पगाराएवढा पडतो. तीन वर्षांचं कर्ज 15 टक्क्यांनी मिळतंय. घेऊ का? आयुर्विमा आहे, पगाराचे 15 टक्के त्यात जातात. एजंटच्या सांगण्यावरून फॉर्ममधला धोकादायक छंदांचा रकाना रिकामाच ठेवला. पत्नी आणि दोन मुलं माझ्यावर अवलंबून आहेत. पुढच्या वर्षी स्पॉन्सर मिळेल अशी आशा आहे.

उत्तर : टायरचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी गोष्ट तो रिकामा रकाना आहे.

रेसिंग लपवून काढलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी नाकारली जाऊ शकते, आणि त्या वेळी भांडायला तुम्ही नसता, पत्नी असते. एजंटला कमिशन मिळालं, धोका तुमच्या घरात राहिला. असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या. हप्ता वाढेल किंवा रेसिंगमधला मृत्यू वगळतील. पण जे असेल ते आज कळेल.

आता कव्हर बघा. पगाराचे 15 टक्के म्हणजे वर्षाला जवळपास दोन पगार. एवढा मोठा हप्ता म्हणजे तुमची पॉलिसी बहुधा विमा आणि गुंतवणूक एकत्र विकणारी असणार. अशा योजनांत कव्हर, म्हणजे तुमच्यामागे घरच्यांना मिळणारी रक्कम, बहुतेक वार्षिक हप्त्याच्या दहापट असतं, म्हणजे अठरा पगार. दीड वर्ष! मुलं दीड वर्षात मोठी होत नाहीत. रेसिंग स्पष्ट नोंदवून साधा टर्म प्लॅन, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ आयुर्विमा घ्या, किमान दहा वर्षांच्या पगाराचा. तो हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसीचं काय करायचं ते ठरवा, आधी बंद करू नका. अपघात विम्यात आणि गाडीच्या विम्यातही रेसिंग बहुधा वगळलेलं असतं. आयोजकांचा विमा मुख्यतः तिसऱ्या माणसाच्या नुकसानीसाठी असतो, त्यावर घर चालत नाही.

स्पॉन्सरचा पैसा खात्यात येईपर्यंत हिशेबात धरू नका.

टायरसाठी कर्ज नको. व्याजासकट एक पगाराचा सव्वा पगार होतो. तीन वर्षांत ओल्या रेस तीन, म्हणजे प्रत्येक रेसला बारा-तेरा दिवसांची कमाई. शिवाय रेन टायर नुसता पडून राहिला तरी त्याचं रबर कडक होतं, आणि ट्रॅक सुकू लागला की मऊ रबर तापून काही लॅप्समध्येच ओरबाडून निघतं. तिसऱ्या वर्षी तो सेट आजच्यासारखा राहणार नाही.

पण स्लिक्सवर पावसात उतरायचं, असाही याचा अर्थ नाही. खाचा नसलेल्या टायरला पाणी बाजूला सारता येत नाही, गाडी पाण्यावर तरंगते. नियमात बसत असतील तर चांगल्या खोलीच्या खाचांचे रस्त्यावरचे परफॉर्मन्स टायर हौशी वेगाला पुष्कळ झाले. नाहीतर वापरलेला रेन सेट रोखीने घ्या. नखाने दाबल्यावर रबर दबलं पाहिजे. कडेवर चार आकडी तारीख असेल तर वाचा : 2324 म्हणजे 2024चा 23वा आठवडा. यातलं काहीच जमलं नाही तर ती एक रेस सोडा, नोंदणीचे पैसे बुडाले तरी चालतील.