दोष टाकसाळीतला की नंतरचा? नाणेसंग्राहकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत फिरून फिरून एकच विचारलंय, की माझ्याकडचं नाणं खरंच एरर (टाकसाळीतच चूक झालेलं) आहे की नुसतं खराब झालंय. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न : सर, एकजण मला 2 रुपयाचं जुनं अकरा कोनी नाणं विकतोय. भारताच्या नकाशाच्या बाजूला सिंह उलटा आणि आत दबलेला दिसतो. तो म्हणतो ‘लखी’ आहे, वीस हजार द्या. फोटो पाठवतोय, घेऊ का? (सांगली)

उत्तर : अजिबात घेऊ नका. आधी लखी म्हणजे ब्रॉकेज कसं होतं ते सांगतो म्हणजे फोटोत काय बघायचं ते कळेल. टाकसाळीत कधीकधी छापलेलं नाणं खाली पडतच नाही, डायला, म्हणजे छापायच्या ठशाला, चिकटून राहतं. तेवढ्यात पुढची कोरी चकती येते. तिच्या एका बाजूला डायचा छाप नीट उठतो, पण दुसऱ्या बाजूपर्यंत डाय पोचतच नाही कारण मधे ते चिकटलेलं नाणं असतं, मग त्याचाच उलटा आणि खोलगट छाप चकतीवर पडतो. म्हणजे खऱ्या लखीत त्या बाजूला नेहमीचं चित्र कधी छापलेलंच नसतं, आणि इथेच तुमच्या त्या विक्रेत्याचं पितळ उघडं पडतंय.

फोटो मोठा करून बघा. उलट्या सिंहाच्या आजूबाजूला नकाशाची किनार दिसतेय, झेंड्याच्या रेषा दिसतायत, ‘राष्ट्रीय एकता’ मधली अक्षरं चपटी झालीत पण अजून वाचता येतात. नकाशा आधी छापून झालेला होता, सिंह त्याच्यावर नंतर दाबलाय. कुणीतरी दोन नाणी एकावर एक ठेवून वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये (लोखंडी शेगड्यात) आवळलीत, बाकी काही नाही. आता दुसरा फोटो बघा, मागच्या बाजूच्या सरळ सिंहाचा. त्याचा सगळा उठाव बसलाय, आयाळ सपाट झालीय, कारण व्हाइसचा जबडा तिथे टेकला होता. खऱ्या लखीची ती बाजू चांगली ठसठशीत असते. आणि तो काट्यावर 6 ग्रॅम, म्हणजे पूर्ण वजन, भरून दाखवेल तर त्यावर जाऊ नका, दाबल्याने वजन कमी होत नाही, बनावट असलं तरी ते 6 ग्रॅमच भरणार.

प्रश्न : 10 रुपयाच्या नाण्यात मधला पांढरा भाग फिरलेला आहे, बाहेरची पिवळी रिंग सरळ आहे आणि आतला सिंह आडवा झालाय. हे डाय रोटेशन आहे ना? (फोंडा, गोवा)

उत्तर : नाही, आणि हे इतक्या खात्रीने सांगता येतं याचं कारण फार सोपं आहे. छापायच्या आधी रिंग आणि मधली चकती दोन्ही कोऱ्या असतात. त्या एकात एक बसवून एकाच वेळी छापल्या जातात, वरून एक डाय आणि खालून एक. रिंगवरची अक्षरं आणि मधला सिंह एकाच डायवर कोरलेले असतात, मग एक सरळ आणि दुसरं फिरलेलं हे टाकसाळीत होणार कसं? तुमच्या नाण्याचा मधला भाग कुणीतरी ठोकून काढलाय आणि परत बसवलाय. जोडाजवळ भिंगातून बघा, ओरखडे किंवा बारीक फट दिसेल.

खरं डाय रोटेशन वेगळं असतं. आपल्याकडच्या नाण्याची एक बाजू सरळ धरून ते डावीकडून उजवीकडे पानासारखं उलटलं की दुसरी बाजूही सरळच यायला हवी. ती आडवी आली, उलटी आली, तर डाय फिरलेली होती. त्यात पूर्ण बाजू फिरते, रिंग आणि मधला भाग एकत्र. थोडीशी तिरकी नाणी भरपूर सापडतात, त्यांना कुणी फार विचारत नाही, 90 किंवा 180 अंशाची मात्र जपून ठेवा.

याच पत्रात नुसत्या रिंगबद्दलही विचारलंय, मधला भाग नसलेल्या. तिथे वजनाचा उपयोग नाही, अस्सल असो की बनावट, दोन्हीकडे रिंगचंच वजन येणार, 4.45 ग्रॅमच्या आसपास. आतली कड बघायची. मधला भाग नसतानाच छाप पडला असेल तर दाबलेला धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, आतली कड थोडी आत पसरलेली आणि वेडीवाकडी होते. नंतर ठोकून काढला असेल तर जोडाची खूण कडेवर स्पष्ट राहते.

प्रश्न : मी नववीत आहे. मला 5 रुपयाचं जाड नाणं मिळालं, त्याचा एक तुकडा चंद्रकोरीसारखा कापलेला आहे. आजोबा म्हणतात कुणीतरी कानशीने घासलंय. (नाशिक)

उत्तर : तू फोटो छान काढलेस, म्हणून नीट सांगता येतंय. धातूच्या पट्टीतून पंच मारून चकत्या काढतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीचा गोल तुकडा कमी पडतो. याला क्लिप म्हणतात, आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं छाप पडायच्या आधी घडतं. त्यानंतर चकतीची कड उचलायला ती मशीनमधून फिरवतात, तिथे कापलेल्या जागी दाबायला धातूच नसतो, त्यामुळे तिच्या बरोबर समोरच्या बाजूलाही दाब कमी पडतो आणि ती कड कच्ची राहते. तुझ्या नाण्यात कापलेल्या जागेच्या बरोबर समोर कड पुसट आहे बघ! शिवाय कापाजवळची अक्षरं कापाकडे ओढल्यासारखी, पसरट होत गेलीत. कानशीने घासलं असतं तर अक्षरं शेवटपर्यंत ठाशीव राहून एकदम तुटली असती, समोरची कड धडधाकट असती आणि कापावर कानशीच्या समांतर रेघा दिसल्या असत्या. मला हे नाणं अस्सल वाटतं. पूर्ण नाण्याचं वजन 9 ग्रॅम असतं, तुझं किती भरतं ते सोनाराकडच्या काट्यावर बघून लिहून ठेव, आणि आजोबांना भिंग देऊन समोरची कड दाखव.

प्रश्न : 1985 चा रुपया आहे, पातळ आणि दोन्ही बाजूंनी पुसट. वीक स्ट्राइक (हलका छाप) म्हणून विकता येईल का? वजन 4.8 ग्रॅम. (सोलापूर)

उत्तर : तो रुपया 6 ग्रॅमचा असतो. छाप हलका पडला तर चित्र पुसट येतं पण धातू कुठे जात नाही, वजन जवळपास पूर्णच भरतं. जवळजवळ सव्वा ग्रॅम धातू गेला कुठे? दोन्ही बाजू, कड, सगळंच सारखं झिजल्यासारखं असेल तर नाणं ॲसिडमध्ये बुडवलेलं आहे. एरर म्हणून विकू नका, घेणाऱ्याची फसवणूक होईल.

प्रश्न : वडिलोपार्जित शिवराई आहे, ‘श्री राजा शिव’ मधलं निम्मं नाण्याबाहेर गेलंय. ऑफ सेंटर एरर धरायचं का? (सातारा)

उत्तर : नाही, शिवराईत हे नेहमीचंच आहे. ही नाणी हाताने, घणाचा घाव घालून पाडलेली. ठसा बऱ्याचदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून सगळी अक्षरं एका नाण्यावर मावली तर ते नशीब. ऑफ सेंटर, म्हणजे छाप एका बाजूला सरकणं, हा हिशोब मशीनवरच्या नाण्यांना लावायचा, जिथे प्रत्येक नाणं सारखं येणं अपेक्षित असतं. उलट शिवराईत जितकी अक्षरं जास्त तितकी किंमत चांगली. तुमची मात्र विकू नका हो, घरातली आहे. आणि चांदीच्या जुन्या रुपयांवर बारीक टोचे दिसले तर तेही एरर नव्हेत, चांदी खरी आहे का बघायला सराफ ते मारायचे.

प्रश्न : वैष्णोदेवीच्या नाण्याला रिझर्व्ह बँक लाखो रुपये देते असा मेसेज आलाय. आधी फी भरायची आहे. (ठाणे)

उत्तर : एक रुपयाही भरू नका. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही आणि कुणाला आपल्या नावाने कमिशन घ्यायचा अधिकारही दिलेला नाही, हे बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलंय. ते नाणं चलनातलंच आहे, एररही नाही.

प्रश्न : एरर नाणं काळं पडलंय. चिंचेने घासून स्वच्छ करू का? (अकोला)

उत्तर : नको. चिंच, लिंबू, पितांबरी काहीच नको. घासल्यावर वरचा मूळ थर जातो, आणि खरं-खोटं ओळखायला ज्या बारीक खुणा लागतात त्याही जातात. धूळ असेल तर साध्या पाण्यात धरा, मऊ कापडाने टिपा, पुसू नका. आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर चढतो. पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, मायलरची (पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेले, ते वापरा.