दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शोधात

नाशिक रोड

प्रिय तरुण स्नेह्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आजोबांच्या संग्रहातली टपालाची जुनी पाकिटे आणि तिकिटांचे संच तू तीन महिने ऑनलाइन लिलावात मांडलेस, त्यांतले बहुतेक सुरुवातीच्याच बोलीवर गेले, आणि आता जाहिरातीवर किती पैसे घालावेत, असा तुझा प्रश्न आहे. उत्तर देण्याआधी तुला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण ती समजल्यावाचून खर्च केलेला पैसा वाया जाईल.

लिलावातली किंमत तू ठरवत नाहीस, आणि ज्याला ती वस्तू सर्वांत जास्त हवी आहे तोही ठरवत नाही. ती दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार ठरवतो. ईबेसारख्या ऑनलाइन लिलावाच्या ठिकाणी बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. एखाद्याने ५,००० रुपयांपर्यंत जायची तयारी ठेवली, दुसऱ्याने १,२०० पर्यंत, तर वस्तू १,२०० च्या थोडी वर विकली जाते. आणि दुसरा कोणी आलाच नाही, तर ती तुझ्या २०० रुपयांच्या सुरुवातीच्या बोलीवर जाते, मग पहिल्याच्या खिशात कितीही पैसे असोत. विल्यम विक्री (Vickrey) या अर्थशास्त्रज्ञाने अशा लिलावाचे शास्त्र १९६१ मध्ये मांडले आणि पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण टपाल तिकिटांचे विक्रेते हाच नियम टपालाने येणाऱ्या बोल्यांसाठी एकोणिसाव्या शतकातच वापरत होते, याचा मला आपल्या धंद्याच्या वतीने थोडा अभिमान वाटतो. तेव्हा तुझी वस्तू ज्याला आवडते असे एक माणूस शोधणे हे तुझे काम नाही. ते माणूस बहुधा स्वतःच शोधत येते. तुला दुसरे गिऱ्हाईक आणायचे आहे.

लासलगावला कांद्याचा लिलाव कधी उभा राहून पाहिला नसशील, तर एकदा जाऊन ये. ट्रॅक्टरच्या रांगेपुढून व्यापाऱ्यांचा घोळका सरकत जातो, एका ट्रॉलीवर ज्याची बोली हुकते तो पुढच्या ट्रॉलीवर जोर लावतो, आणि ज्या दिवशी व्यापारी कमी येतात त्या दिवशी चांगल्या मालालाही भाव मिळत नाही. तुझे लिलाव मात्र वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी संपत होते, म्हणजे प्रत्येक ट्रॉली तू वेगळ्या बाजारात उभी केलीस. एकाच प्रकारचे आठ-दहा लॉट, म्हणजे लिलावाचे नग, एकाच संध्याकाळी, चार-पाच मिनिटांच्या अंतराने संपतील असे लाव. पहिल्यात हरलेला माणूस पुढच्यासाठी जागेवरच बसलेला असतो. त्यातही दोन अगदी सारख्या वस्तू एकाच दिवशी काढू नकोस, कारण तिथे तू आपल्याच दोन बोलीदारांना एकेक वस्तू वाटून देतोस आणि चढाओढ संपवतोस.

वेळेचा हिशेब सोपा आहे. लिलाव ज्या वेळी सुरू होतो त्याच वेळी संपतो, म्हणून गुरुवारी रात्री ११ वाजता १० दिवसांसाठी मांडलेली वस्तू रविवारी रात्री ११ वाजता संपते आणि तिला दोन शनिवार-रविवार मिळतात. त्या वेळी इंग्लंडमध्ये हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. ब्रिटिशकालीन भारताची तिकिटे जमवणारे तिकडे बरेच आहेत, आणि रविवारच्या त्या वेळी माणूस घरी असतो. शेवटच्या दिवसापर्यंत बोली आली नाही म्हणून घाबरून लिलाव मागे घेऊ नकोस. जाणते संग्राहक शेवटच्या काही सेकंदांतच हात वर करतात.

आता ज्यावर तू सर्वांत कमी कष्ट घेतलेस त्या शीर्षकाकडे येतो. ‘आजोबांच्या संग्रहातील सुंदर जुनी तिकिटे’ असे लिहून तू स्वतःची समजूत घातलीस, पण शोधणारा माणूस ‘सुंदर’ हा शब्द कधी टाइप करत नाही. तो वर्ष, तिकिटावरची किंमत, कॅटलॉग क्रमांक (तिकिटांच्या छापील सूचीतला क्रमांक) आणि स्थिती टाइप करतो: मिंट म्हणजे कोरे की वापरलेले, मागचा गोंद शाबूत आहे का, हिंजची, म्हणजे वहीत चिकटवायच्या कागदी पट्टीची, खूण आहे का. आपल्या गावाचे स्पेलिंगही दोन्ही तऱ्हांनी लिही, कारण परदेशी संग्राहकांच्या जुन्या याद्यांमध्ये ते ‘नासिक’ असेच आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक वस्तू एकाहून अधिक प्रकारच्या संग्राहकांची असू शकते का, याचा विचार कर. इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली १९२९ ची हवाई टपालाची तिकिटे भारताची तिकिटे जमवणाऱ्याला हवी असतात, आणि त्यांच्यावर विमान असल्यामुळे ज्याला भारताशी काही देणेघेणे नाही पण विमानांची तिकिटे जमवायची आहेत, त्यालाही हवी असतात. १९३१ च्या नवी दिल्ली संचावर पुराना किल्ला, कौन्सिल हाऊस, व्हाइसरॉय हाऊस अशा वास्तू आहेत. म्हणजे वास्तुरचनेच्या तिकिटांचा संग्राहकही तुझा बोलीदार आहे. २१ नोव्हेंबर १९४७ चे साडेतीन आण्यांचे ‘जय हिंद’ तिकीट ध्वजांची तिकिटे जमवणाऱ्याला दाखव. दुसरे गिऱ्हाईक पुष्कळदा शेजारच्या गल्लीत राहते, आणि शीर्षकातला एक शब्द त्याला तुझ्या दारात आणतो.

सुरुवातीची बोली कमी ठेवावी असे सगळे सांगतात, मीही सांगतो, पण अटीवर. जिथे शोधणारे अनेक आहेत तिथे कमी बोली गर्दी खेचते. एखाद्या छोट्या संस्थानाच्या पोस्टाचा शिक्का जमवणारे जगभरात मोजकेच असतील, तर तिथे ज्या रकमेला वस्तू गेली तरी तुला झोप लागेल तीच रक्कम सुरुवातीला लाव. छुपी राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू द्यायची नाही अशी न दाखवलेली रक्कम, मला पटत नाही. बोली लावूनही ‘राखीव किंमत गाठली नाही’ असे वाचावे लागले की माणूस निघून जातो.

छायाचित्रांबाबत माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका पहिल्या दिवसाच्या पाकिटाची (तिकीट निघाले त्याच दिवसाचा शिक्का असलेल्या पाकिटाची) फक्त पुढची बाजू दाखवली, कारण मागे दमटपणाचे पिवळे डाग होते. पाकीट चांगल्या किमतीला गेले, पंधरवड्याने परत आले, आणि माझ्या नावापुढे पहिला नकारार्थी अभिप्राय लागला. पैसे परत केले, त्याचे फारसे वाटले नाही. पण त्यानंतर कितीतरी महिने माझ्या चांगल्या वस्तूंवरही एकेकटाच बोलीदार येत राहिला. जो माणूस साशंक असतो तो आपली कमाल रक्कम उतरवतो किंवा येतच नाही, आणि नेमका तोच तुझा दुसरा असतो. म्हणून मागची बाजू, चारही कडांची छिद्रे, डाग, सुरकुती, सगळे दाखव आणि शब्दांतही लिही.

जाहिरातीचा पैसा मी पाकिटबांधणीत घालीन. मागे-पुढे जाड पुठ्ठा, आत हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी, आणि वर मोठ्या पोस्टात मिळतील ती नवी स्मारक तिकिटे नीट ओळीत लावलेली. संग्राहक ते रिकामे पाकीटही टाकून देत नाही. हरलेल्यांची मात्र आठवण ठेव: कोणत्या विषयात कोण दुसरा आला याची वही कर, तशीच दुसरी वस्तू हाती असेल तर नियमांत बसत असल्यास त्याने लावलेल्या रकमेला ती त्याला देऊ कर, नाहीतर पुढच्या लिलावाची वेळ कळव.

तुझ्या पत्रातली नाणी मात्र थांबव. १०० वर्षे किंवा त्याहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तूंत मोडते. ते परदेशी पाठवणे गुन्हा आहे आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. आधी अंजनेरीला जाऊन नाणेशास्त्र संस्थेचे संग्रहालय पाहा आणि हाती काय आहे ते समजून घे.

तू शेवटी दबकत विचारले आहेस की चुलतभावाच्या खात्यावरून दोन-चार बोल्या लावून घेतल्या तर चालेल का. दुसरे गिऱ्हाईक घरीच तयार करण्याची ही युक्ती जुनी आहे, सगळीकडे निषिद्ध आहे, आणि बहुतेक वेळा वस्तू चुलतभावाच्याच गळ्यात पडते.

१९३१ चा संच येत्या गुरुवारी मांड आणि त्याआधी सहाही तिकिटांच्या मागच्या बाजूंचे फोटो मला पाठव. दहा दिवसांनी, रविवारी रात्री ११ वाजता मी लिलाव बघत बसेन. बोली मात्र लावणार नाही.

तुझा शुभचिंतक