कॅलिफोर्नियात घरमालक डिपॉझिट परत देत नाही. स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात) जाण्याचा फायदा काय?

मुख्य फायदा म्हणजे सुनावणीत कोणाचाच वकील उभा राहू शकत नाही, घरमालकाचाही नाही. व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंत दावा करता येतो. फी 30 ते 75 डॉलर, जिंकलात तर तीही मागता येते. घर सोडून 21 दिवस झाले तरी पैसे किंवा कपातीचा हिशेब आला नसेल, तर आधी लेखी मागणी करा, मग दावा दाखल करण्याचा एससी-100 फॉर्म भरा. मुद्दाम अडवल्याचं दिसलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जादा रक्कम मिळू शकते. बहुतेकांचं घोडं घरमालकाला दाव्याची नोटीस बजावण्यात अडतं. ती स्वतः द्यायची नाही, 18 वर्षांवरच्या त्रयस्थाकरवी द्यायची. घरमालक कोर्टाच्याच काउंटीत (जिल्ह्यासारखा भाग) असेल तर सुनावणीच्या किमान 15 दिवस आधी. चुकलं की तारीख पुढे. आणि हो, हरलात तर तुम्हाला अपील नाही, त्याला मात्र आहे.