नुसतं चालणं पुरत नाही

उतारवयात पडू नये म्हणून तुम्ही व्यायामाला सुरुवात करताय, हे फार चांगलं. पण रोज चालता म्हणून तोल आपोआप सुधारेल असं धरून बसू नका. पडणं टाळायचं तर पायांची ताकद आणि तोल, दोन्हींचा वेगळा सराव लागतो.

सध्या एवढंच करा:

- खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पावलं जरा मागे घ्या, पुढे झुका, मग उठा. बसताना धपकन अंग टाकू नका. सावकाश खाली येण्यातच मांड्यांना खरं काम पडतं. हात टेकवावे लागले तर खुशाल टेकवा.
- ओट्याला धरून टाचा उचलणं.
- एका पावलापुढे दुसरं ठेवून 10 सेकंद उभं राहणं, हात ओट्याजवळच.

बरेच जण पहिल्याच आठवड्यात डोळे मिटून एका पायावर उभे राहायला जातात. ते आत्ता अजिबात नको. श्वास रोखू नका, गुळगुळीत फरशीवर मोजे घालून करू नका. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान 3 दिवस असा सराव सुचवते. मांड्या थोड्या भरून आल्या तर घाबरू नका; मात्र चक्कर येत असेल किंवा नुकतेच पडला असाल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.