बारा मैलांपलीकडची पवनचक्की आणि कायदा

प्रश्न : ब्रिटनच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे उभ्या असलेल्या पवनचक्कीवर दुरुस्तीचे काम आहे. तिथे तिथला १९७४ चा कामगार-सुरक्षा कायदा लागतो का?

उत्तर : लागतो, पण आपोआप नाही. मूळ कायदा ग्रेट ब्रिटनपुरताच. कलम ८४ मुळे आदेश काढून तो समुद्रावर नेता येतो. सध्याचा आदेश २०१३ चा. त्यात तेल-वायूच्या फलाटांबरोबर 'अक्षय ऊर्जा क्षेत्रा'तल्या, म्हणजे बारा मैलांपलीकडे अशा ऊर्जेसाठी ठरवलेल्या समुद्रपट्ट्यातल्या, पवनचक्क्याही आल्या.

मात्र कायदा पोहोचला म्हणून त्याखालचे सगळे नियम पोहोचले, असे धरू नका. गफलत इथेच होते. प्रत्येक नियमावलीचे 'व्याप्ती'चे कलम वेगळे वाचा. बांधकामाची २०१५ ची नियमावली पवनचक्कीला लागते. पायपर अल्फा या उत्तर समुद्रातल्या तेलफलाटाच्या दुर्घटनेनंतर (१९८८, १६७ मृत्यू) तेलफलाटांवर आलेला 'सेफ्टी केस' (मोठे धोके आटोक्यात आहेत हे दाखवणारा दस्तऐवज) मात्र पवनचक्कीसाठी द्यावा लागत नाही.

बोटीचे काय? बंदर ते चक्की या प्रवासात मुख्यतः जहाजवाहतुकीचे कायदे चालतात. बोटीवरून शिडीवर चढणे मात्र १९७४ च्या कायद्यात येते, आणि धोका तिथेच जास्त. बोटीचे नाक खांबाला रेटून धरलेले असते. मोठ्या लाटेने ते घसरले की पाय बोट आणि शिडी यांच्यामध्ये सापडतो. म्हणून लाटेची उंचीमर्यादा कामाच्या आराखड्यात आकड्यानेच लिहा. 'हवामान पाहून' या शब्दांवर तपासनीस समाधान मानणार नाही. चढणे थांबवण्याचा अधिकार कप्तानाला आहे, हेही लेखी हवे. ठेकेदाराच्या वेळापत्रकापुढे तोंडी अधिकार टिकत नाही.