पाश्चात्त्य संगीतकार माहलरच्या पाचव्या सिम्फनीतल्या (वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेतल्या) ‘अडाजिएत्तो’ या संथ भागाचं एक रेकॉर्डिंग सात मिनिटांचं आणि दुसरं अकरा मिनिटांचं कसं? दोघांची पट्टी वेगळी आहे का?

पट्टी दोन्हीकडे तीच, एफ मेजर. फरक फक्त लयीचा आहे आणि भाव बदलतो तो त्यामुळेच. आपल्या हिशेबात सा म्हणजे पांढरी चार आणि स्वर बिलावल थाटाचे, म्हणजे सगळे शुद्ध. पेटीवर लावून पाहा: पहिलं व्हायोलिन प, ध, नि असं चढतं, नि वर रेंगाळतं आणि मग सा वर येतं. खाली फक्त तंतुवाद्यं आणि हार्प. वाद्यवृंद संचालक विलेम मेंगेलबर्गच्या १९२६च्या रेकॉर्डिंगमध्ये (साधारण सात मिनिटं) हे रेंगाळणं म्हणजे एखादा उसासा वाटतो, तर संचालक बर्नस्टाइनने १९८७मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या अकरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये तीच जागा निरोपासारखी लागते. माहलरने स्वरलिपीच्या वर ‘फार संथ’ असंच लिहिलंय, त्यामुळे दोघांनाही चूक म्हणता येत नाही. मात्र हे माहलरचं होणाऱ्या पत्नीसाठीचं, आल्मासाठीचं प्रेमपत्र आहे, असं मेंगेलबर्गने स्वरलिपीच्या स्वतःच्या प्रतीत लिहून ठेवलं होतं. मला त्याचीच लय पटते. बर्नस्टाइनइतकी ओढून घेतली की प्रेमाचा शोक होतो.

एक लक्षात ठेवा: १९२६ची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातली आहे. डिजिटल प्रत करताना तबकडी थोडी जलद फिरली तर लयीबरोबर सूरही चढतो. म्हणून पट्टी पेटीवर जुळवून मगच मिनिटं मोजा.